रोज सोबत नेता येईल असा छोटा मिररलेस कॅमेरा कसा निवडायचा

लेन्स बदलता येणारा छोटा कॅमेरा घ्यायचाय असं कोणी म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, सोनी घेऊ का फुजी, का कॅनन? मी म्हणतो बॉडीचं नाव थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी एवढंच ठरवा की हा कॅमेरा दिवसभर राहणार कुठे, जॅकेटच्या खिशात, रोजच्या बॅगेत, का खांद्याला लटकून. रोजचा कॅमेरा म्हणजे बाहेर पडताना फार विचार न करता जो उचलला जातो तो, आणि तो उचलला जाणार की नाही हे बॉडीपेक्षा पुढे लावलेल्या लेन्सवर जास्त ठरतं. त्यामुळे आधी लेन्स ठरवायची आणि मग तिला साजेशी बॉडी शोधायची.

वजनाचं बघा. सोनीचा ए६४०० बॅटरीसकट साधारण ४०० ग्रॅम भरतो आणि त्याची १६-५० मिमीची किट लेन्स (बॉडीसोबत मिळते ती) ११६ ग्रॅम, कॅमेरा बंद केला की ती आत जाते आणि सगळं चपटं होतं. आता त्याच कंपनीचा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा ए७सी घ्या, बॉडी ५०९ ग्रॅमची, म्हणजे फक्त शंभरेक ग्रॅम जास्त, फोटोत बघितलं तर वाटतं अरे हा पण छोटाच आहे की! पण त्यावर २४-७० एफ २.८ ची (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) नवी झूम चढवली तर एकटी लेन्सच ६९५ ग्रॅम. कंपन्या जाहिरातीत बॉडीचं वजन आणि लांबी-रुंदी सांगतात, लेन्स लावल्यावरची जाडी कोणी सांगत नाही, आणि बॅगेत मावतं की नाही हे नेमकं त्या जाडीवरच ठरतं.

मिररलेस बॉडी पातळ का होते तर जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांत असायचा तो आतला आरसा गेला म्हणून. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती जागा) लेन्सचं बूड आणि सेन्सर यांच्यात ४४ मिमी अंतर लागायचं, आरशाला वर-खाली व्हायला जागा हवी ना, तेच सोनीच्या ई माउंटमध्ये १८ आणि निकॉन झेडमध्ये १६ मिमी आहे. पण आरसा काढला म्हणून लेन्स आपोआप लहान होत नाही. लेन्सला किती मोठा सेन्सर झाकायचाय आणि किती उजेड आत घ्यायचाय यावर तिचा आकार ठरतो.

म्हणून सेन्सरचे आकार माहीत असायला हवेत. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिमी, एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६ (कॅननचा थोडा लहान), आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम हा मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळजवळ चौपट भरतो. हा आकडा ऐकला की लोक घाबरतात आणि फुल फ्रेमकडे पळतात, पण दुसरा आकडा पण ऐका. किट लेन्स झूम केल्यावर बहुतेक वेळा एफ ५.६ वर जाते, त्याजागी एफ १.८ ची साधी प्राईम (झूम न होणारी, एकाच कोनाची लेन्स) लावली तर जवळपास दहापट उजेड आत येतो. चौपट विरुद्ध दहापट. म्हणजे संध्याकाळी घरात फोटो काढताना सगळे दाणेदार येतायत अशी तक्रार असेल तर मोठा सेन्सर घेण्याआधी लेन्स बदलून बघा, खर्चही कमी आणि वजनही कमी. मला तर वाटतं रोजच्या वापराला एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स यातलंच काहीतरी घ्यावं, फुल फ्रेमची गरज ज्याला आहे त्याला ती बहुतेक आधीच माहीत असते.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. फोन आता एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन जोडतो, त्यामुळे अंधारात फोनचा फोटो आणि किट लेन्सचा फोटो शेजारी ठेवला तर नवीन माणसाला बऱ्याचदा फोनचाच आवडतो. एवढा कॅमेरा घेऊन काय मिळालं असं वाटून तो कपाटात जातो. तसं व्हायला नको असेल तर सुरुवातीच्या बजेटमध्येच एका उजेडाच्या प्राईम लेन्सची जागा धरा, त्यासाठी बॉडी एक पायरी खालची घ्यावी लागली तरी चालेल.

कुठली प्राईम? इथे क्रॉपचं गणित येतं. एपीएस-सीवर लेन्सचा मिमीतला आकडा (फोकल लेंथ) दीडने गुणायचा (कॅननवर १.६ ने), मायक्रो फोर थर्ड्सवर दोनने, की फुल फ्रेमच्या हिशोबातला कोन मिळतो. रस्ता, घर, आजूबाजूची माणसं असं सगळं टिपायचं असेल तर ३५ च्या आसपासचा कोन सोयीचा, म्हणजे एपीएस-सीवर २३ आणि मायक्रो फोर थर्ड्सवर १७. थोडं जवळून, माणूस आणि थोडीशी पार्श्वभूमी असं आवडत असेल तर ५० चा कोन, म्हणजे अनुक्रमे ३५ आणि २५. आणि पॅनकेक लेन्स नावाचा जो अगदी चपट्या लेन्सचा प्रकार आहे तो रोजच्या कॅमेऱ्यासाठी फार कामाचा आहे, सोनीची २० एफ २.८ फक्त ६९ ग्रॅम, फुजीची २७ एफ २.८ सुमारे ८४ ग्रॅम, पॅनासॉनिकची २० एफ १.७ पण नव्वदच्या आतच, आणि तिचं अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, या तिघींत सगळ्यात मोठं, फोकस मात्र जरा संथ आहे. यातली एक लावली की कॅमेरा मोठ्या खिशात जातो.

आता माउंट. बॉडी चार-पाच वर्षांनी बदलाल, लेन्स राहतात, म्हणून माउंट निवडणं हा खरा मोठा निर्णय. मायक्रो फोर थर्ड्स ऑलिंपस आणि पॅनासॉनिकने २००८ मध्ये आणलं, छोट्या लेन्सचा सगळ्यात मोठा साठा अजूनही तिथेच आहे आणि दोन्ही कंपन्यांच्या लेन्स एकमेकांच्या बॉडीवर चालतात (ऑलिंपसचे कॅमेरे आता ओएम सिस्टिम नावाने येतात). सोनी ई माउंट २०१० पासून आहे, बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्स भरपूर, सेकंडहँड पण सहज मिळतात. फुजीचं एक्स माउंट २०१२ चं, आणि फुजीने एपीएस-सीसाठी जितक्या मनापासून छोट्या चांगल्या प्राईम बनवल्यात तितक्या दुसऱ्या कोणी बनवल्या असं मला वाटत नाही. कॅनन आरएफ आणि निकॉन झेड दोन्ही २०१८ चे, बॉडी उत्तम, पण एपीएस-सीसाठीच्या स्वतःच्या लेन्स कमी, सिग्मासारख्या कंपन्या आल्यावर ही उणीव बरीचशी भरून निघाली आहे.

सेकंडहँड बघताना काही माउंट समोर येतील जे फार स्वस्त आणि फार छोटे असतील, निकॉन १, कॅनन ईएफ-एम, सॅमसंग एनएक्स. हे तिन्ही बंद झालेत. कॅमेरे वाईट नाहीत, ईएफ-एमची २२ एफ २ ही लेन्स तर अजूनही लोक आठवून आठवून सांगतात, पण नवीन बॉडी येणार नाही, बिघडलं तर पार्ट मिळणं अवघड. एक बॉडी एक लेन्स असा सेट मिळतोय आणि पुढे वाढवायचा विचारच नाही, तर घ्या. वाढवायचं असेल तर नको.

व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, हवाच, असं माझं ठाम मत आहे. कॅमेरा लहान करायला आणि किंमत उतरवायला कंपन्या सगळ्यात आधी तोच काढतात, निकॉन झेड३० ला नाही, फुजी एक्स-एम५ ला नाही. भर उन्हात मागच्या स्क्रीनवर काही दिसत नाही, फ्रेमच्या कडेला काय घुसलंय ते कळत नाही, आणि कॅमेरा हात लांब करून धरला की तो हलतो, डोळ्याला टेकवला की स्थिर राहतो. चष्मा असेल तर दुकानात चष्म्यासकट डोळा लावून बघा, चारही कोपरे दिसतात का. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक बारीक चक्र असतं, ते फिरवून नंबर जुळवता येतो, बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं आणि कॅमेराच धूसर आहे असं वाटतं. ज्यांना मुख्यतः व्हिडिओ करायचाय त्यांनी मात्र हा परिच्छेद सोडून द्या, त्यांच्यासाठी पूर्ण फिरणारी स्क्रीन आणि माइकची जागा जास्त महत्त्वाची.

बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे आयबिस, याबद्दल बराच गोंधळ आहे. ते तुमच्या हाताचं हलणं सांभाळतं, समोरच्याचं नाही. रात्रीची रिकामी गल्ली, म्युझियममधली मूर्ती, दुकानाची पाटी असे फोटो १/८ सेकंदाला हातात धरून निघतात, हे खरंच सुख आहे. पण पळणारं मूल १/८ ला पुसटच येणार, त्याला १/५०० लागतो आणि तिथे आयबिस काही करू शकत नाही. त्यामुळे घरातली लहान मुलं, पाळीव प्राणी हा मुख्य विषय असेल तर आयबिसपेक्षा ऑटोफोकसवर पैसे घाला. कॅनन आर५० (साधारण ३७५ ग्रॅम) किंवा सोनी ए६४०० यांना आयबिस नाही, पण डोळा पकडून त्याच्या मागे जाण्यात दोन्ही पक्के आहेत. दोन्ही हवं असेल तर सोनी ए६७०० आहे, वजन आणि किंमत दोन्ही वाढतं. उलट सावकाश फिरत, थांबत फोटो काढणाऱ्याला २०१६ चा पॅनासॉनिक जीएक्स८५ सुद्धा अजून छान साथ देईल, व्ह्यूफाइंडर आहे, आयबिस आहे, लेन्स इवल्याशा, फक्त त्याचा फोकस जुन्या कॉन्ट्रास्ट पद्धतीचा असल्याने धावणाऱ्या गोष्टींच्या मागे तो लागत नाही.

मेगापिक्सेलवर वेळ घालवू नका. ए४ कागदावर ३०० डीपीआयने प्रिंट काढायला ९ च्या आत लागतात, २० ते २६ भरपूर झाले, ४० घेतले तर क्रॉप करायला मजा येते पण फाइल जड होतात.

हातात घेऊन बघणं मात्र चुकवू नका, आणि नुसता धरून परत देऊ नका. एका हाताने एक्स्पोजर कमी-जास्त करून बघा, मेनूत न शिरता होतंय का? फोकसचा ठिपका डावीकडून उजवीकडे न्या, किती वेळ लागला? बंद करून चालू करा, फोटो निघेपर्यंत मोजा, मोटरवाल्या किट लेन्स बाहेर यायला वेळ घेतात आणि तेवढ्यात समोरचा क्षण जातो. करंगळी ग्रिपखाली लोंबकळते का बघा, छोट्या कॅमेऱ्यात ती लोंबकळतेच, काहींना चालतं, काहींचा हात तासाभरात दुखतो. फुजीच्या काही मॉडेलवर किंवा निकॉन झेडएफसीवर शटर स्पीडची आणि आयएसओची वेगळी चक्रं असतात, काहींना ती बघूनच कॅमेरा उचलावासा वाटतो, आणि मी तर म्हणेन हे कारण अजिबात हलकं नाही, हातात घ्यावासा वाटणं हीच रोजच्या कॅमेऱ्याची अर्धी लायकी.

बॅटरी या आकारात लहानच असते, एक जादा घ्या आणि यूएसबी-सीने चार्ज होतो का तेवढं विचारा. पाऊस-धूळ सहन करणारी बॉडी घेतली तरी लेन्सही तशीच हवी, नाहीतर पाणी माउंटमधून आत जातं. आणि सायलेंट शटर आवडत असेल तर एलईडी दिव्यांखाली दोन फोटो काढून बघा, आडव्या पट्ट्या येत असतील तर तिथे मेकॅनिकल शटरच वापरावं लागेल.

सेकंडहँड घेत असाल तर, आणि छोट्या कॅमेऱ्यात सेकंडहँड घेणं शहाणपणाचंच आहे, लेन्समध्ये मागून टॉर्च मारून पुढून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ते फंगस, कितीही स्वस्त असली तरी सोडा. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा जरा धूसर फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते, पण ओरखडा असेल तर तो सफाईने जात नाही. लेन्स लावून हलकेच हलवा, माउंट खुळखुळायला नको. स्क्रीन पूर्ण बाहेर काढून सगळ्या कोनात फिरवा, वायर खराब असेल तर एखाद्या कोनात ती काळी होते. बॅटरी फुगलेली नाही ना, तेही.

बॉडी आणि किट लेन्स घेतली, आता प्राईम २३ घ्यावी का ३५ हे ठरत नसेल तर घाई करू नका. महिना-दोन महिने किट झूमवरच काढा आणि मग आवडलेले फोटो वेगळे करून त्यांची माहिती उघडा, प्रत्येक फोटो कुठल्या फोकल लेंथला काढलाय ते फाइलमध्येच लिहिलेलं असतं. (हे आकडे एपीएस-सी आणि १६-५० किटच्या हिशोबातले) बरेचसे ३० ते ३५ च्या आसपास असतील तर ३५, सगळे १६ ला चिकटलेले असतील तर वाइड प्राईम, आणि कायम ५० लाच अडकत असाल तर सिग्माची ५६ एफ १.४ बघा. आकडे सगळीकडे विखुरलेले निघाले तर प्राईमच्या नादाला लागू नका, सिग्माचीच १८-५० एफ २.८ घ्या, २९० ग्रॅमची आहे, पूर्ण झूममध्ये अपर्चर २.८ च राहतं आणि सोनी, फुजी, कॅनन आरएफ या तिन्ही माउंटला मिळते.