कुत्र्याला पाणी कशात द्यावं?

माझ्याकडे लोक बाहेरगावी जाताना आपली कुत्री सांभाळायला ठेवतात. कुत्र्याबरोबर त्याची गादी येते, खाणं येतं, औषधाची चिठ्ठी येते आणि बहुतेक वेळा त्याचं पाण्याचं भांडंही येतं. ते हातात आलं की मी आधी त्याच्या आतून बोट फिरवते. दिसायला स्वच्छ असलेलं भांडं कडेला बुळबुळीत लागतं, आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. कारण भांडं रोज भरलं जातं, पण घासलं जात नाही.

म्हणून कुणी विचारलं की मी दोन गोष्टी बघायला सांगते. भांड्यात हात घालून तळापर्यंत घासता येतं का? आणि दिवसभरात कुत्रं किती पाणी प्यायलं, हे त्यावरून कळतं का? आकार, उंची, वजन हे सगळं त्यानंतर, आणि तेही तुमच्या कुत्र्याचं तोंड बघून ठरवायचं.

कुत्रं पाणी कसं पितं ते एकदा जमिनीवर बसून, जवळून बघा. आपण ओठ मिटून पाणी ओढू शकतो. कुत्र्याचं तोंड बाजूंनी लांबवर उघडतं, त्यामुळे त्याला तसं ओढता येत नाही. ते जीभ मागे, हनुवटीच्या दिशेने वळवतं. ती पळीसारखी दिसते खरी, पण त्या पळीतलं पाणी बरंचसं सांडूनच जातं. जीभ पाण्याला लागून झटक्यात वर येते, तेव्हा तिला चिकटून पाण्याचा एक खांब वर उचलला जातो आणि तो कोसळायच्या आत कुत्रं जबडा मिटतं. घोट मिळतो तो त्या खांबातला. म्हणजे त्याला जीभ आपटायला मोकळी जागा हवी आणि खाली पुरेसं पाणी हवं. सांडलवंड होणारच. त्यासाठी कुत्र्यावर ओरडू नका, भांड्याखाली न घसरणारी चटई घाला.

पिंजऱ्याला अडकवायच्या, नळीच्या टोकाला गोळी असलेल्या बाटल्या मी कुत्र्यांसाठी अजिबात सुचवत नाही, त्या याचमुळे. त्यातून थेंब थेंब पाणी येतं. तहान भागायच्या आधीच कुत्रं कंटाळून बाजूला होतं, आणि बाटली भरलेली दिसते म्हणून आपण निर्धास्त राहतो. पिंजऱ्यात ठेवायचंच असेल तर गजाला घट्ट बसणारी स्टीलची वाटी घ्या.

आता तोंडाबद्दल. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना खोल भांडं नको. पाण्यापर्यंत पोचायला त्यांना सगळा चेहरा आत घालावा लागतो आणि नाकात पाणी जातं. माझ्याकडे येणारा मोती नावाचा पग घरून आणलेल्या खोल भांड्यातून दोन-चार लपके मारून ठसकत मागे सरकायचा. त्याच्यापुढे उथळ, पसरट भांडं ठेवलं आणि तो शांतपणे, पोटभर प्यायला. कॉकर स्पॅनियलसारख्या लांब कानांच्या कुत्र्यांचं उलटं असतं. त्यांना वर निमुळतं होत जाणारं भांडं लागतं, म्हणजे तोंड आत जातं आणि कान बाहेर राहतात. कान रोज पाण्यात भिजत राहिले की कानाचं दुखणं मागे लागतं. फक्त या भांड्याच्या आतल्या बाजूला हात नीट पोचत नाही, त्यासाठी वाकड्या मानेचा ब्रश ठेवावा लागतो.

दाढीवाल्या कुत्र्यांसाठी आणि घाईघाईत पाणी ढोसून लगेच ओकणाऱ्यांसाठी तरंगत्या चकतीचं भांडं मिळतं. चकतीच्या मधल्या भोकात थोडंच पाणी वर येतं, त्यामुळे पिण्याचा वेग कमी होतो आणि दाढी कोरडी राहते. चकती मात्र रोज काढून दोन्ही बाजूंनी धुवायची. भांड्यात पाय घालून खेळणाऱ्या लॅब्राडॉरला जड, रुंद बुडाचं भांडं द्या. पिल्लं साधारण तीन-चार आठवड्यांची झाली की पाणी चाटायला लागतात. त्यांना आत पडलं तरी सहज बाहेर येता येईल इतकं उथळ भांडं हवं. आणि ऑपरेशननंतर गळ्यात प्लास्टिकचा कोन घातलेला असेल तर कोनाच्या तोंडापेक्षा लहान घेराचं भांडं थोडं उंचावर ठेवा, म्हणजे कोन भांड्याभोवती खाली जातो आणि जीभ पाण्याला लागते. नाहीतर कोन जमिनीला अडतो आणि आपल्याला वाटतं की कुत्र्याला तहानच नाही.

कशाचं घ्यायचं याला फार वेळ घालवू नका: स्टेनलेस स्टील. ते फुटत नाही, चावलं तर तुकडे पडत नाहीत, उकळत्या पाण्याने धुता येतं. उन्हात मात्र तापतं, तेव्हा सावलीत ठेवा. चिनी मातीचं भांडं जड असल्यामुळे सरकत नाही, पण त्याची झिलई शिसं नसलेली आणि खाण्यापिण्यासाठी योग्य असायला हवी. टवका उडाला किंवा तडा गेला की ते बाद करा. प्लास्टिकवर दातांचे आणि घासणीचे ओरखडे पडतात, त्यांत जंतू घर करतात आणि कितीही घासलं तरी ते पूर्ण निघत नाहीत. चावऱ्या कुत्र्याच्या पोटात तुकडेही जातात. मी प्लास्टिक ठेवत नाही.

फाउंटन आणि उलट्या बाटल्या

फिरत्या पाण्याच्या फाउंटनबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. काही कुत्र्यांना वाहतं पाणी खरंच आवडतं. नळाखाली जाऊन उभं राहणारं कुत्रं असेल, किंवा दृष्टी गेलेलं म्हातारं कुत्रं, ज्याला आवाजाच्या रोखाने पाण्यापर्यंत जाता येतं, तर फाउंटन उपयोगाचा आहे. पण पाणी फिरतं म्हणजे ते शुद्ध होतं असं नाही. फिल्टर केस आणि कचरा अडवतो, कोळशाचा थर वास कमी करतो. जंतू मारण्याचं काम ही साधी यंत्रं करत नाहीत. पंपाच्या आतल्या पात्यावर चिकट थर जमतो आणि तो बाहेरून दिसतही नाही. पंप उघडून आठवड्याला घासायची आणि फिल्टर सांगितलेल्या मुदतीत बदलायची तयारी असेल, तरच घ्या. वायर चावणारं पिल्लू घरात असेल तर नको. आणि वीज गेली की पाणी बंद, म्हणून शेजारी साधं भरलेलं भांडं ठेवायचंच.

उलटी बाटली लावलेलं, आपोआप भरणारं भांडं दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांना सोयीचं वाटतं. त्याची अडचण अशी की पातळी कायम तेवढीच दिसते, बाटलीतलं पाणी तीन-तीन दिवस तेच राहतं आणि बाटलीच्या निमुळत्या मानेत घासणी जात नाही. त्यापेक्षा दोन मोठी भांडी भरून दोन वेगळ्या खोल्यांत ठेवा. एक लवंडलं तर दुसरं असतं.

घासणं

यावर मी हटून बसते. कुत्र्याची लाळ, अन्नाचे कण आणि पाणी एकत्र आले की भांड्याच्या भिंतीवर जीवाणूंचा चिकट पापुद्रा तयार होतो. नुसतं विसळून तो निघत नाही, त्याला घर्षणच लागतं. कधीकधी पाण्याच्या रेषेवर गुलाबीसर झाक दिसते, तीही बहुतेकदा जीवाणूंचीच असते. एनएसएफ इंटरनॅशनल या संस्थेने २०११ साली घरांतल्या जंतूंची पाहणी केली होती. त्यात सर्वांत अस्वच्छ जागांमध्ये भांडी घासायचा स्पंज, स्वयंपाकघरातलं सिंक आणि टूथब्रश ठेवायचं भांडं यांच्यानंतर पाळीव प्राण्यांच्या भांड्यांचा चौथा क्रमांक लागला होता.

रोज एकदा साबण, गरम पाणी आणि त्या भांड्यासाठीच वेगळी ठेवलेली घासणी. कडेच्या वळणात आणि बुडाला लावलेल्या रबराच्या पट्टीखाली बोट घाला, घाण तिथेच दडते. साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा, कारण वास राहिला तर कुत्रं त्या भांड्याला तोंड लावत नाही. दोन भांडी असली की एक वाळतं आणि दुसरं वापरात राहतं, त्यामुळे आळस होत नाही. दिवसातून दोनदा तरी पाणी पूर्ण ओतून नवं भरा. उरलेल्यावर भर घालायची सवय सोडा.

अंगणात ठेवलेल्या भांड्याला तर घासण्यावाचून पर्यायच नाही. एडिस जातीचे डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतात. पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथेच राहतात, कोरडी पडूनही काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. कुत्र्याच्या हृदयात वाढणारे जंत डासांमधूनच पसरतात, त्यामुळे हा प्रश्न फक्त माणसांपुरता नाही.

पाणी कुठलं? तुम्ही जे पिता तेच. क्लोरिनच्या वासामुळे कुत्रं मागे सरत असेल तर पाणी काही तास उघडं ठेवून मग द्या. डबकी, साचलेलं पाणी आणि हिरवट-निळसर साय आलेली तळी यांपासून मात्र लांब ठेवा. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जीवाणूंचा आजार आणि जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो, आणि त्या निळ्या-हिरव्या सायीतली काही विषं काही तासांत जीव घेतात. बागेतल्या सगळ्या कुत्र्यांसाठी ठेवलेल्या सामाईक भांड्यातूनही मी पाजत नाही. फिरायला जाताना घडीचा सिलिकॉनचा वाडगा आणि पाण्याची बाटली बरोबर असते. संडासाच्या भांड्याचं झाकण बंद ठेवा, तिथल्या साफसफाईच्या गोळ्या विषारी असतात.

जागा आणि उंची

भांडं वर्दळीपासून, कपडे धुण्याच्या मशीनपासून आणि उन्हापासून दूर असावं, आणि रोज त्याच जागी असावं. एकापेक्षा जास्त कुत्री असतील तर कुत्र्यांपेक्षा एक भांडं जास्त ठेवा, तेही एकमेकांच्या नजरेआड. माझ्याकडच्या शेरूचा स्वभाव असा की तो भांड्याशेजारी नुसता पडून राहतो. ना गुरगुरतो, ना दात दाखवतो. तरी बाकीची कुत्री तिकडे फिरकत नाहीत, आणि संध्याकाळी त्यांच्या हिरड्या चिकट लागतात, म्हणजे पाणी कमी पडलेलं असतं. अशा घरात कोपऱ्यात ठेवलेलं एकच भांडं म्हणजे दुबळं कुत्रं तहानलेलंच राहणार.

उंच स्टँड सरसकट घेऊ नका. मान किंवा सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला त्याने आराम मिळतो. पण पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांचा मोठ्या आणि महाकाय जातींवरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात उंचावरच्या खाण्याच्या भांड्याचा आणि पोट फुगून पीळ पडण्याच्या वाढत्या धोक्याचा संबंध दिसला होता. तो अभ्यास खाण्याच्या भांड्यांचा होता, पण ग्रेट डेनसारखं कुत्रं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी स्टँड लावत नाही.

किती प्यायलं ते मोजा

निरोगी कुत्र्याला दिवसाला एका किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलीटर पाणी लागतं. १२ किलोच्या कुत्र्याला ६०० ते ७२० मिलिलीटर. त्यात अन्नातून मिळणारं पाणीही धरा. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के असतं, डब्यातल्या ओल्या अन्नात पाऊणहून जास्त. म्हणून ओलं खाणारं कुत्रं कमी पाणी पितं, त्याला घाबरायचं कारण नाही. उन्हाळा, धावपळ, पिल्लांना पाजणारी आई यांना जास्त लागतं. कुत्रं शरीर थंड करतं ते मुख्यतः जीभ बाहेर काढून ल्हाल्हा करत, आणि त्यात पाणी वाफ होऊन जातं.

मोजायची रीत सोपी आहे. सकाळी मापाच्या जगने भांडं भरा, दिवसभरात घातलेलं पाणी लिहीत जा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजून वजा करा. सांडलेल्याचा अंदाज धरा. तब्येत चांगली असताना सलग दोन-तीन दिवस मोजून तो आकडा लिहून ठेवा, कारण पुढे तुलना त्याच्याशीच करायची आहे. उघडं, साधं, सरळ कडांचं भांडं मला सगळ्यात जास्त पटतं ते या कारणासाठी: येताजाता नजर टाकली तरी पातळी दिसते.

कमी पीत असेल तर हिरडीला बोट लावून बघा. ओली, घसरती लागायला हवी. खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडली की लगेच बसायला हवी. म्हाताऱ्या किंवा खूप बारीक कुत्र्यात या खुणेवर विसंबू नका. अन्नात कोमट पाणी मिसळा, आणखी एक भांडं दुसरीकडे ठेवा. उन्हाने कोसळलेल्या कुत्र्याच्या तोंडात मात्र पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. अंगावर गार पाणी घाला, वारा घाला आणि दवाखान्याकडे निघा.

जास्त पिणं लोकांना चांगलंच वाटतं, आणि तिथेच आजार निसटतो. दिवसाला किलोमागे १०० मिलिलीटरच्या वर गेलं, किंवा नेहमीच्या आकड्यापेक्षा ठळक वाढलं, तर डॉक्टरांकडे न्या. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार), आणि नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयात पू होणं, या सगळ्यांत तहान वाढते. स्टेरॉइडच्या आणि फिट्सच्या काही गोळ्यांनीही वाढते, म्हणून चालू औषधं सांगा. घरात सारखी शू होते म्हणून पाणी कधीही बंद करू नका. मूत्रपिंड अधू असेल तर ते जिवावर बेतेल. जाताना मोजलेले आकडे बरोबर न्या, आणि जमलं तर सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत धरून न्या. मूत्रपिंड लघवी किती घट्ट करू शकतं हे त्या नमुन्यातून डॉक्टरांना चांगलं कळतं.