शोकात असलेल्या घरी जाताना

मृत्यू झालेल्या घरी भेटायला गेलात की ‘देवाची इच्छा’ असं चटकन म्हणू नका. वाक्य श्रद्धेचं असलं, तरी त्या क्षणी जखमेवर मीठ चोळल्यासारखं लागतं. बायबलमधल्या, मुलं गमावून दुःखात बुडालेल्या ईयोबाचे तिघे मित्र 7 दिवस, 7 रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते; बिघडलं ते बोलायला लागल्यावर. तुम्हीही शेजारी बसा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, एखादी आठवण सांगा. ‘काही लागलं तर कळवा’ यापेक्षा ‘उद्या मुलांना शाळेतून मी आणतो’ असं म्हणा. प्रार्थना करायची तर आधी विचारा, आणि छोटीच करा. पुनरुत्थानाच्या, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील या ख्रिस्ती आशेचा विषय त्यांनी काढला, तर मात्र मोकळेपणाने बोला. महिनाभराने गर्दी ओसरली की पुन्हा जा, आणि तेव्हा निवांत वेळ काढून जा.