धुऱ्याचा खटला आणि हातातला मोबाईल

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, दिवाणी दाव्याची पुढची पेशी विचारायला आता तालुक्याला चक्कर मारावी लागत नाही. वकीलसाहेबांकडून सीएनआर नंबर, म्हणजे दाव्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, एकदाच लिहून घ्या. तो सोळा अक्षरं-अंकांचा असतो: आधी एमएच, मग जिल्ह्याची दोन अक्षरं, न्यायालयाचे दोन अंक, दाव्याचे सहा अंक आणि शेवटी वर्ष. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या ॲपमध्ये तो मधे जागा न सोडता टाका.

नंबर नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, पण इथे स्पेलिंग नडतं. वानखडे आणि वानखेडे इंग्रजीत वेगवेगळे होतात, म्हणून आडनावाची पहिली तीन-चार अक्षरंच टाका आणि वर्ष नीट द्या.

नुसती तारीख पाहून ॲप बंद करू नका, तारीख कशासाठी आहे तेही वाचा. तुम्ही प्रतिवादी असाल आणि तिथे ‘रिटन स्टेटमेंट’ दिसत असेल, तर तुमची कैफियत अजून बाकी आहे. समन्स मिळाल्यापासून तिला ३० दिवस असतात, कोर्टाने कारण मान्य केलं तर ९० पर्यंत. निकालाची पीडीएफ वाचण्यापुरती ठीक. अपिलाला प्रमाणित नक्कल लागते. दिवाणी न्यायाधीशांच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत करायचं असतं, म्हणून नकलेचा अर्ज लगेच द्या. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत.

पांदण रस्ता अडवल्याचा अर्ज तहसीलदारांकडे असेल, तर तो ई-कोर्ट्सवर सापडणार नाही. ते महसूल न्यायालय आहे. मामलतदार कोर्ट ॲक्टखाली अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. समझोत्याची वाट पाहता पाहता नेमके हेच महिने निघून जातात.

आता पुरावा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, पण धुऱ्याच्या वादात त्याने फारसं भागत नाही. त्यावर क्षेत्र असतं, हद्द नसते. हद्दीसाठी मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हवी.

शेजाऱ्याने धुरा कोरल्याचा फोटो काढताना मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. एक फोटो दगड किंवा झाड ओळखू येईल असा लांबून, दुसरा जवळून. तो व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवला की आकार घटतो, वेळ-ठिकाणाची आतली नोंदही जाते. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. कापाकापी, उजेड वाढवणं, त्यावर बाण काढणं, काहीच नको. मूळ फाईलला हात लावू नका.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. फोटोची प्रिंट किंवा पेन ड्राइव्ह दाखल करताना त्याखालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यातला ‘अ’ भाग तुम्ही भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने. मोबाईलची कंपनी, मॉडेल, आयएमईआय (मोबाईलचा ओळख क्रमांक) आणि फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईलवरून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा कोड) त्यात येते. फाईलमध्ये इवलासा बदल झाला तरी हॅश वेगळी निघते आणि समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो. आयएमईआय *#०६# डायल करून मिळतो. खटला चालू असेपर्यंत तो मोबाईल एक्सचेंजमध्ये देऊ नका. मूळ मोबाईलच कोर्टापुढे ठेवायची वेळ येऊ शकते.

वकिलाची फी झेपत नसेल तर मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या लोकांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.