दुसऱ्याची विमआरसी कॉपी करण्याआधी

टीममध्ये नवा फ्रेशर आला की पहिल्या आठवड्यात विचारणा होतेच, "सर, तुमची विमआरसी शेअर कराल का?" मी करत नाही. विमआरसी म्हणजे विम या कोड एडिटरच्या स्वतःच्या सेटिंग्जची फाइल; माझ्या फाइलमधल्या निम्म्या ओळी म्हणजे माझ्या बोटांचे लाड आहेत, दुसऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. आणि एडिटरचे डिफॉल्ट (आधीपासून ठरलेल्या सेटिंग्ज) आता इतके वाईट राहिलेले नाहीत.

पूर्वी होते. विम जुन्या व्हीआय एडिटरशी इमान राखून चालायचा, त्यामुळे कोरा विम उघडला की बॅकस्पेस आधीचा मजकूर खोडायला नकार द्यायचा, कोड एकरंगी दिसायचा. २०१६ मध्ये विम ८.० आला आणि सोबत 'डिफॉल्ट्स.विम' नावाची फाइल आली. सिंटॅक्सचे रंग (कोडच्या भागांना वेगवेगळे रंग), प्रोग्रॅमिंगच्या भाषेप्रमाणे इंडेंट (ओळीआधीची मोकळी जागा), टाइप करता करता सर्च, कर्सरच्या वरखाली पाच ओळी कायम दिसणं, हे सगळं न मागता मिळायला लागलं.

पण यात एक गोम आहे आणि नवी मुलं नेमकी तिथेच अडखळतात. तुमची स्वतःची विमआरसी नसेल तरच ही फाइल लोड होते. लाइन नंबर हवेत म्हणून तुम्ही एका ओळीची विमआरसी बनवलीत, की नंबर येतात आणि बाकीचं सगळं गुपचूप जातं. रंग गेले तर निदान डोळ्यांना दिसतं. आकड्यांचं तसं नाही. कर्सर ००७ वर ठेवून कंट्रोल-ए दाबा. आकडा एकने वाढून ००८ व्हायला हवा, होतो ०१०! पुढे शून्य असलेला आकडा विम मुळात ऑक्टल (आठाच्या पटीतली पद्धत, जिथे ७ नंतर १० येतो) समजतो. डिफॉल्ट्स.विम ही सवय बंद करते, पण ती लोडच झाली नाही तर फाइलींचे क्रमांक बिनबोभाट चुकत जातात. उपाय सोपा: विमआरसीच्या पहिल्याच ओळीत डिफॉल्ट्स.विम सोर्स करा (म्हणजे ती लोड करायला सांगा) आणि तुमचे बदल त्याखाली लिहा. निओविम (विमपासून निघालेला एडिटर) वापरणाऱ्यांना ही भानगड नाही, तिथे असे बरेचसे डिफॉल्ट एडिटरच्या आतच बसवलेले आहेत.

व्हीएस कोड हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांचा धोका उलटा असतो. तिथले डिफॉल्ट शहाणे आहेत. फाइल उघडल्यावर आत टॅब आहेत की स्पेस हे तो स्वतः ओळखतो. सेव्ह करताना फॉरमॅट करणं आणि ओळीच्या शेवटच्या फालतू स्पेस उडवणं, दोन्ही बंद ठेवतो. व्हिडिओ बघून लोक हे उत्साहाने चालू करतात, तेही सगळ्या प्रोजेक्टना लागू होईल असं. मग तीन ओळींचा बगफिक्स आणि पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासायला पाठवतात तिथे) अख्खी फाइल बदलल्यासारखी लाल-हिरवी. रिव्ह्यू करणारा वैतागतो, आणि उद्या गिट ब्लेम (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) केलं की जुन्या कोडच्या ओळींवर तुमचं नाव! शिवाय मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच मांडणीच्या खुणा लिहायची पद्धत) ओळीच्या शेवटच्या दोन स्पेसना अर्थ असतो, तिथे ओळ तुटते. त्या उडवल्या तर ओळी एकमेकांत मिसळलेल्या दिसतात.

मी एकच चाळणी लावतो. बदल फक्त माझ्या डोळ्यांपुरता किंवा बोटांपुरता असेल (थीम, फॉन्ट, शॉर्टकट), तर हवा तसा करावा, कुणाला विचारायची गरज नाही. त्या बदलाने फाइलमधले बाइट बदलणार असतील, तर तो माझ्या मशीनवर नको, रेपोमध्ये (टीमच्या सामायिक कोडच्या साठ्यात) हवा. त्यासाठी प्रोजेक्टच्या मुळाशी एक 'एडिटरकॉन्फिग' फाइल टाकतात, तिच्यातले नियम एडिटर पाळतात. निओविम ०.९ पासून ती आपोआप वाचतो, इंटेलिजे हा एडिटरही वाचतो, व्हीएस कोडला मात्र एक्स्टेंशन लागतं. पायथनला चार स्पेस, मार्कडाउनला ट्रिमिंग (शेवटच्या स्पेस उडवणं) बंद, एवढं लिहिलं तरी पुष्कळ. मेकफाइलला (मेक या बिल्ड टूलला कमांड सांगणारी फाइल) मात्र आठवणीने टॅब लिहा. तिथे कमांडच्या आधी स्पेस पडल्या तर 'मिसिंग सेपरेटर' म्हणत मेक तिथेच थांबतो, आणि स्क्रीनवर टॅबची आणि स्पेसची ओळ अगदी सारखीच दिसते.