पार्माचा इतिहास लिहायचा तर आधी तीन रकाने आखा

लहान शहरांच्या फुटबॉल क्लबांना इटलीत ‘प्रोव्हिन्चाले’ म्हणतात. अशा क्लबाचा इतिहास लिहायला बसलात की पहिल्या तासातच गाडी अडते. क्लब एकच, पण कंपन्या तीन-चार, नावे पाच-सहा आणि स्थापनेच्या तारखा दोन. पार्मा हे याचे उत्तम उदाहरण आहे. पार्माची मांडणी जमली की बारी, पालेर्मो, फिओरेंतिना यांचीही जमते.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिला शहराचा: मैदान, रंग, प्रेक्षक, खेळाडू. दुसरा कंपनीचा: कायदेशीर नाव, मालक, दिवाळे. तिसरा ‘तितोलो स्पोर्तिव्हो’चा, म्हणजे कोणत्या श्रेणीत खेळायचे या हक्काचा. हा हक्क इटलीचा फुटबॉल महासंघ देतो आणि त्याचे नियम महासंघाच्या अंतर्गत नियमावलीतल्या कलम ५२ मध्ये आहेत. हंगामागणिक एक ओळ भरत जा. बहुतेक चुका दुसरा आणि तिसरा रकाना एकच धरल्याने होतात.

स्थापनेची तारीख

२७ जुलै १९१३ रोजी ‘व्हेर्दी फुटबॉल क्लब’ सुरू झाला. संगीतकार जुझेप्पे व्हेर्दी यांचा जन्म १८१३ मध्ये पार्मा प्रांतातल्याच बुसेतोजवळ झाला होता आणि ते त्यांचे जन्मशताब्दी वर्ष होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यातल्या बऱ्याच खेळाडूंनी ‘पार्मा फुटबॉल क्लब’ काढला आणि पांढऱ्या सदऱ्यावर काळा क्रूस घेतला. दोन्ही तारखा लिहा, नुसते ‘स्थापना १९१३’ लिहून मोकळे होऊ नका. त्या क्रुसावरूनच संघाला ‘क्रोचाती’ म्हणतात आणि पार्मा ही डचीची, म्हणजे ड्यूकच्या राज्याची, राजधानी होती म्हणून ‘दुकाली’. निळा-पिवळा हे शहराचे रंग, तेही सदऱ्यावर येत-जात राहिले: १९९८–९९ च्या हंगामात आडवे निळे-पिवळे पट्टे होते आणि २००४ नंतर क्रूस परत आला. जुना फोटो कोणत्या वर्षाचा हे ठरवायला सदऱ्याचा मोठा उपयोग होतो, म्हणून पहिल्या रकान्यात दर हंगामाचा सदरा नोंदवाच.

मैदानाचे काम सोपे आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेले स्तादिओ एन्नियो तार्दिनी आजही वापरात आहे. ज्यांचे नाव त्याला आहे ते वकील तार्दिनी क्लबचे अध्यक्ष होते.

श्रेणींची नावे

इथे घाई केली की सगळे बिघडते. सेरी आ (पहिली श्रेणी) आणि सेरी बे (दुसरी) आजच्या स्वरूपात १९२९–३० पासून आहेत आणि त्या पहिल्या सेरी बेमध्ये पार्मा होता. त्याआधीचे ‘प्रिमा दिव्हिझिओने’ म्हणजे आजची पहिली श्रेणी, असे सरसकट धरू नका. तेच नाव वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या पातळीला दिलेले आढळते. तिसरी श्रेणी तर सतत नाव बदलते: १९३५ पासून सेरी चे, १९७८ मध्ये तिचे चे-१ आणि चे-२ असे दोन भाग, २००८ मध्ये त्यांना ‘लेगा प्रो’ची नावे, २०१४ मध्ये दोन्हींचे एकत्रीकरण, २०१७ मध्ये पुन्हा सेरी चे. म्हणून प्रत्येक हंगामापुढे त्या वेळचे नाव लिहा आणि शेजारी पातळीचा आकडा (१, २, ३, ४). १९८५–८६ मध्ये प्रशिक्षक आरिगो साक्की यांनी पार्माला ‘चे-१’मधून वर आणले, तिथे ३ लिहा. २०१६–१७ ची ‘लेगा प्रो’ हीसुद्धा पातळी ३. आकडा नसेल तर वाचक त्या दोन वेगळ्या श्रेणी समजेल. पातळी ३ आणि ४ वर ‘जिरोने’ म्हणजे गटही असतात. गटाचे अक्षर नोंदवले नाही, तर ‘पहिला क्रमांक’ या शब्दांना अर्थ उरत नाही.

गुणांचा ताळा

१९९३–९४ पर्यंत विजयाला दोन गुण होते, १९९४–९५ पासून तीन. दोन काळांतले हंगाम शेजारी ठेवायचे तर विजय, बरोबरी, पराभव असे वेगळे उतरवा आणि गुण स्वतः काढा. १९९६–९७ चा हंगाम घ्या. आन्चेलोत्ती प्रशिक्षक असताना पार्मा दुसरा आला: १८ विजय, ९ बरोबरी, ७ पराभव, ६३ गुण. पहिल्या आलेल्या, तुरीनच्या युव्हेंतुसचे १७, १४, ३ आणि ६५ गुण. पार्माने एक सामना जास्त जिंकला, तरी अजिंक्यपद दोन गुणांनी हुकले. जुन्या पद्धतीने हेच अंतर ४८ विरुद्ध ४५, म्हणजे तीन गुणांचे झाले असते.

ताळा जुळला नाही तर लगेच आकडा खोडू नका, आधी दंड झाला होता का ते पाहा. २०१४–१५ मध्ये पार्माचे ६ विजय, ८ बरोबरी, २४ पराभव. हिशेबाने २६ गुण होतात, तक्त्यात १९ दिसतात, कारण ७ गुण कापले होते. उलटही घडते: २०१८–१९ साठी ठोठावलेला पाच गुणांचा दंड अपिलात रद्द झाला. त्या उन्हाळ्यातल्या पहिल्या बातमीवर थांबलात तर चुकलात. दंडाची बातमी दिसली की पुढच्या दोन महिन्यांचे अंक चाळायचेच.

चषक

पार्माचे मोठे चषक आठ: कोप्पा इतालिया म्हणजे इटलीचा राष्ट्रीय चषक तीन (१९९२, १९९९, २००२), कप विनर्स कप १९९३, युएफा सुपर कप १९९३, युएफा कप दोन (१९९५, १९९९) आणि इटालियन सुपर कप १९९९. इथला सापळा दोन सामन्यांच्या अंतिम फेरीचा आहे. १९९२ च्या कोप्पात युव्हेंतुसविरुद्ध पहिला सामना ०–१ गेला, दुसरा २–० जिंकला. एकच निकाल उतरवला तर विजेता हरलेला दिसतो. १९९५ च्या युएफा कपात युव्हेंतुसने आपला ‘घरचा’ सामना तुरीनला नाही, मिलानच्या सान सिरोवर खेळला. स्थळ अंदाजाने लिहू नका. त्या फेरीत पार्माचे दोन्ही गोल दिनो बाज्जोचे, रॉबेर्तो बाज्जो तेव्हा समोरच्या संघात. नुसते ‘बाज्जो’ लिहिलेत तर गोल भलत्याच्या नावावर जातो.

दिवाळे

तीन रकान्यांचा खरा उपयोग इथे होतो. १९६८ मध्ये जुन्या संस्थेचा गाशा गुंडाळला गेला आणि १९७० मध्ये शहरातल्याच पार्मेन्से क्लबाने तिचा हक्क घेतला. शहराचा रकाना अखंड, कंपनीचा तुटलेला.

१९९० मध्ये नेव्हियो स्काला प्रशिक्षक असताना संघ प्रथमच सेरी आमध्ये गेला. अध्यक्ष चेरेझिनी त्याच वर्षी वारले आणि कोल्लेक्योची दूध कंपनी पार्मालात, जी आधी प्रायोजक होती, ती मालक झाली. डिसेंबर २००३ मध्ये पार्मालात कोसळली. २००४ मध्ये क्लब नव्या कंपनीत गेला, पण जागा सेरी आमध्येच राहिली. म्हणजे कंपनी बदलली, हक्क टिकला.

२०१५ मध्ये मात्र हक्कही गेला. आदल्या हंगामात सहावा येऊनही कराची रक्कम वेळेत न भरल्याने युरोपीय स्पर्धेत खेळण्याचा परवाना नाकारला होता, जागा तोरिनोला मिळाली. पुढे पगार थकले, क्लब एका युरोला विकला गेला, दोन सामने पुढे ढकलावे लागले (ते फेरीच्या क्रमांकाने नोंदवा आणि खेळल्याची तारीख वेगळी लिहा), आणि १९ मार्च रोजी न्यायालयाने दिवाळे जाहीर केले. ‘पार्मा काल्चो १९१३’ ही नवी संस्था सेरी देमध्ये, म्हणजे पातळी ४ वर उभी राहिली. तिच्या नावाआधीची ‘एस.एस.डी.’ ही अक्षरे हौशी संस्थेची खूण आहेत. अशी अक्षरे कधी आली, कधी गेली हे पाहिले की क्लब कोणत्या पायरीवर होता ते कळते. स्काला अध्यक्ष म्हणून परतले आणि कर्णधार आलेस्सांद्रो लुकारेल्ली सेरी आ सोडून सेरी देमध्ये खेळायला थांबला. पहिल्या रकान्यातली ही नोंद ठळक करा. कागदावर तुटलेला क्लब शहराच्या लेखी तुटला नव्हता, हे तिच्यातून दिसते. मग ४, ३, २, १: सलग तीन बढत्या, २०१८ मध्ये पुन्हा सेरी आ.

नावे मराठीत

इटालियन उच्चाराचे नियम थोडेच आहेत. ‘सी-एच’ म्हणजे क, म्हणून किएझा, साक्की. ‘सी’पुढे ‘ई’ किंवा ‘आय’ आला तर च, म्हणून चेरेझिनी. ‘जी-एन’ म्हणजे न्य, म्हणून बोलोन्या. ‘जी-एल-आय’ म्हणजे ल्य, म्हणून काल्यारी. ‘बोलोग्ना’ आणि ‘चिएसा’ ही इंग्रजी वाचनाची फळे आहेत. एक लेखन ठरवा आणि तक्त्यात, मजकुरात, फोटोखाली तेच ठेवा. नाहीतर शोधताना तुमचाच मजकूर तुम्हाला सापडणार नाही.