लसूणघासावरची कीड कशी मोजावी

माघ सरत आला, दुपारचं ऊन चटकायला लागलं की लसूणघासावर, म्हणजे जनावरांच्या या हिरव्या चाऱ्यावर, मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसू लागतो. बांधावरून प्लॉट हिरवागारच दिसतो, म्हणून आत शिरावं लागतं. फाल्गुन संपेपर्यंत आठवड्यातून दोनदा, सकाळी. पांढरी ताटली आणि वही, एवढंच सामान.

पायरी १: कडेचे दोन-तीन वाफे सोडून नागमोडी चाला, पाच ठिकाणी थांबा. प्रत्येक ठिकाणी दहा देठ, हाताला लागतील ते. नजर पिवळ्या देठाकडेच धावते आणि तिथंच मोजणी फसते.

पायरी २: देठ ताटलीवर झटका आणि पडलेला मावा मोजा. काळा चकचकीत मावा शेंड्याला झुबक्यानं चिकटतो. हिरवा, लांब पायांचा मावा देठावर असतो, धक्का लागताच खाली पडतो. पाठीवर ठिपके असलेला पिवळा मावा मात्र बुडाकडच्या पानांखाली लपतो, म्हणून खालची पानं उलटून बघाच. चिकटा (माव्याचा चिकट स्राव) सुटला, पानं पिवळी पडली की समजावं, उशीर झाला.

पायरी ३: शेंड्याची मिटलेली पानं उलगडा. आत काळ्या डोक्याची, पाठीवर पांढरी रेघ असलेली हिरवी अळी निघाली तर ती सोंडकिड्याची. शेजारचा हरभरा निघाला असेल तर त्यावरून इकडे येणारी घाटेअळीही शोधा.

पायरी ४: ढालकिडे मावा खातात, त्यांना वेगळ्या रकान्यात लिहा. त्यांची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी. कीड समजून तिलाच चिरडणारे खूप! फुगून तपकिरी झालेला मावा दिसला तर तो मेलेला आहे. आत परोपजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय.

पायरी ५: आता निर्णय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शिफारशीत २५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या पिकात हिरव्या माव्याची मर्यादा देठामागे ४० ते ५० आहे. उंच पिकात ती वाढते. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावू नका, पण कोवळ्या फुटव्याला मावा जड जातो हे इथंही खरंच. मी लागोपाठच्या दोन मोजण्या शेजारी ठेवतो. मावा वाढतोय, ढालकिडे तुरळक आणि कापणी आठवड्यावर आली, तर विळा लावतो. फवारलेला चारा गोठ्यात आणि तिथून दुधात जातो, त्यामुळे पंपाचा विचार सगळ्यात शेवटी. केलाच, तर लेबलवर चाऱ्यासाठी दिलेले थांबायचे दिवस पाळूनच. कापताना एक पट्टा उभा ठेवला की ढालकिड्यांना आसरा राहतो.

कापणीनंतर चार-पाच दिवसांनी खोडव्याचे नवे कोंब पुन्हा बघा. उरलेली सगळी कीड तिथंच गोळा होते.