भिंतीतल्या प्लगमध्ये तुटलेला स्क्रू असा काढला
मालवणच्या खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू गंजून आतल्या आत पोखरला जातो. आमच्या ओटीवरच्या खुंटाळ्याचा असाच प्लगमध्ये (स्क्रू घट्ट बसावा म्हणून भिंतीच्या भोकात ठोकतात ती प्लॅस्टिकची नळी) तुटला, बाहेर जेमतेम टोक. सरळ ओढू नका; जांभ्याचा चिरा ठिसूळ, गिलाव्यासकट ढलपा निघतो. मी सोल्डरिंग आयर्न (तारांना डाग द्यायचं, विजेवर तापणारं हत्यार) तापवून त्या टोकावर धरलं. उष्णता धातूतून आत जाते, प्लॅस्टिक मऊ पडतं. (खिडकी उघडी ठेवा, तो धूर वाईट.) मग नोज प्लायरने डावीकडे हळूहळू फिरवत स्क्रू काढला. रिकाम्या प्लगमध्ये जाडसर स्क्रू थोडा पिळून ओढला, प्लगही आला. भोक सैल झालेलं, म्हणून ६ ऐवजी ८ मिमीचा नायलॉन प्लग ठोकला. नवा स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा घेतला. त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून खाऱ्या हवेत नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा जास्त टिकतो.